संगणक उठत नाही तेव्हा : पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची रीत

शाळाभेटीच्या निमित्ताने ठिकठिकाणी जाणे होते, तेव्हा कार्यालयाच्या कोपऱ्यात कापडाने झाकून ठेवलेला एखादा संगणक हटकून दृष्टीस पडतो. चौकशी करता "तो बंद आहे" एवढेच उत्तर मिळते. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे "नादुरुस्त" असा शेरा असतो, आणि पुढील पायरी निर्लेखनाची असते. परंतु "बंद आहे" म्हणजे नेमके काय झाले आहे, ह्याचा शोध क्वचितच घेतलेला असतो. बटण दाबले असता दिवा लागतो, पंखा फिरतो, पडद्यावर कारखान्याचे चिन्हही उमटते. मात्र पुढे काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एखादी ओळ येऊन सर्व थांबते. अशा संगणकास बंद म्हणणे म्हणजे नेहमीचे गुरुजी आजारी पडले म्हणून शाळेची इमारतच पडली असे म्हणण्यासारखे आहे.

ह्या विषयावर लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. एका शाळेतील शिक्षिकेने तीन वर्षे खपून गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या मुलांकडून ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. मुलांची हस्तलिखिते, सहलींची छायाचित्रे आणि हा ओव्यांचा संग्रह, सर्व काही शाळेच्या एकाच संगणकात होते. एके दिवशी तो उठेनासा झाला. मी भेटीस गेलो असता शेरेबुकात "संगणक त्वरित दुरुस्त करून घ्यावा" असे लिहिले. त्याप्रमाणे तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस गेला, दुसऱ्या दिवशी नवे विंडोज घालून परत आला व उत्तम चालू लागला. आतील संग्रह मात्र पुसला गेला होता. ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघी तोवर निवर्तल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलेले काम केले. बाईंनी वरिष्ठांचा शेरा पाळला. आधी आतील सामग्री काढून घ्यावी, हे सांगावयास हवे होते ते मी सांगितले नाही. कारण उठत नसलेल्या संगणकातून ती काढता येते, हेच मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढे ते शिकलो. ते शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

संगणक उठतो म्हणजे काय होते?

संगणकात दोन प्रकारची स्मृती असते. एक कामापुरती, जिला रॅम म्हणतात. वीज जाताच ती कोरी होते, शाळा सुटल्यावर फळा पुसावा तशी. दुसरी कायमची, ती हार्डडिस्कवर किंवा तिच्या जागी आलेल्या एसएसडीवर असते. विंडोजसारखी कार्यप्रणाली आणि आपली सर्व कागदपत्रे ह्या दुसऱ्या ठिकाणी असतात. काम मात्र पहिल्या स्मृतीत चालते. म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर कार्यप्रणाली डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणावी लागते.

येथे एक पेच उत्पन्न होतो. डिस्कवरील मजकूर वाचून आणावयाचा, तर वाचण्याची आज्ञावली हवी. आणि ती आज्ञावली तर डिस्कवरच आहे. विहिरीवरील पंपाचा अनुभव ज्यांना आहे त्यांस हा पेच नवा वाटणार नाही. पंप पाणी ओढतो; पण ओढावयास लागण्यापूर्वी त्याच्यात थोडे पाणी वरून भरावे लागते. इंग्रजीत उंच बूट पायात चढवण्यासाठी त्याच्या मागे जो पट्टा असतो त्यास बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि आपल्याच बुटांचे पट्टे ओढून आपणच आपल्याला वर उचलणे असा त्या भाषेत एक वाक्प्रचार आहे. संगणकाच्या ह्या स्वतःच स्वतःस उठवण्याच्या क्रियेस तेच नाव पडले व ते आखूड होऊन "बूट" एवढे उरले. संगणक बूट होणे म्हणजे तो अशा रीतीने उठणे होय.

पंपात भरावयाचे ते थोडे पाणी संगणकाच्या मुख्य पाटीवरील एका लहानशा चिपमध्ये कायमचे ठेवलेले असते. ही आज्ञावली कारखान्यातूनच घातलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत. अलीकडील यंत्रांत तिच्या जागी यूईएफआय नावाची अधिक विस्तृत व्यवस्था आली आहे. बटण दाबल्याबरोबर प्रथम हीच जागी होते. स्मृती, कळफलक व पडदा जागेवर आहेत की नाहीत हे ती तपासते. त्यानंतर ती एक क्रमवारी पाहते : कार्यप्रणाली प्रथम कोठे शोधावयाची, तेथे न मिळाल्यास दुसऱ्यांदा कोठे, तिसऱ्यांदा कोठे. हिलाच बूट-क्रम म्हणतात. सकाळी शाळेचे कुलूप उघडणाऱ्याने आज कोणत्या गुरुजींना बोलवावयाचे ह्याची यादी हाती घेऊन निघावे, तसा हा प्रकार आहे.

जुन्या पद्धतीत ही आज्ञावली क्रमवारीतील साधनाचा अगदी पहिला तुकडा वाचते. तो ५१२ बाइट एवढाच असतो, आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत एक ठरावीक खूण असते. खूण आढळली तर त्या तुकड्यातील आज्ञा चालवल्या जातात, त्या पुढील मोठ्या आज्ञावलीस उठवतात, आणि ती कार्यप्रणालीस आणते. नव्या पद्धतीत पहिल्या तुकड्याऐवजी डिस्कच्या एका विशिष्ट विभागातील ठरावीक नावाची फाइल शोधली जाते. रीत कोणतीही असो, तत्त्व एकच आहे : चिपमधील आज्ञावली विंडोजला ओळखत नाही, किंवा आतील हार्डडिस्कवरच तिची निष्ठा आहे असेही नाही. यादीप्रमाणे ज्या साधनावर तिला योग्य खूण वा फाइल मिळेल, त्याच्या हाती ती कारभार सोपवते. मग ते साधन पेटीच्या आत बसवलेले असो, की बाहेरून लावलेले असो. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो तो ह्याच कारणाने.

थोडा पूर्वेतिहास

बाहेरील साधनावरून संगणक सुरू करणे ही काही नवी क्लृप्ती नव्हे. उलट वैयक्तिक संगणकाची मूळ रीत तीच होती. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हती. सव्वापाच इंच रुंदीची फ्लॉपी तबकडी खाचेत घालावयाची व तिच्यावरून कार्यप्रणाली उठवावयाची. पुढे १९८३ साली त्याच कंपनीचे एक्सटी नावाचे यंत्र १० मेगाबाइटच्या हार्डडिस्कसह आले, आणि कार्यप्रणाली कायम आत राहू लागली. आजही विंडोजमध्ये आतील डिस्कचे नाव "सी" असते. ए आणि बी ही अक्षरे त्या काळापासून फ्लॉपींसाठी राखलेली आहेत, हे त्याचे कारण.

सीडीवरून संगणक उठवण्याची सर्वमान्य रीत १९९५ साली ठरली. तिचा लाभ घेऊन क्लाउस क्नॉपर ह्या जर्मन तज्ज्ञाने २००० साली क्नॉपिक्स ही कार्यप्रणाली सिद्ध केली. ती लिनक्स ह्या मुक्त कार्यप्रणालीवर आधारलेली होती व हार्डडिस्कवर काहीही न बसवता सरळ सीडीवरून चालत असे. अशा प्रणालीस "लाइव्ह" प्रणाली म्हणतात. त्याच सुमारास पेनड्राइव्ह विक्रीस आले आणि कालांतराने त्यांनी सीडीची जागा घेतली.

प्राथमिक शाळेशी ह्या इतिहासाचा एक धागा आपल्याच राज्यातून जातो. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात ह्या लहान गावच्या शाळेत २००७ साली मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक देण्याचा प्रयोग झाला. त्या संगणकांत शुगर नावाचे मुलांसाठी योजलेले कार्यक्षेत्र होते. पुढे २००९ साली हेच शुगर पेनड्राइव्हवर घालून देण्याची व्यवस्था झाली. मुलाने आपला पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकास लावावा, त्यावरून तो सुरू करावा, आणि आपले अर्धे राहिलेले काम पुढे चालवावे, अशी ती कल्पना होती.

लागणारे साहित्य

१. ८ गिगाबाइट वा अधिक क्षमतेचा एक पेनड्राइव्ह. त्यावरील आधीचे सर्व काही पुसले जाते, हे ध्यानात ठेवून रिकामाच घ्यावा.

२. सामग्री काढून घेण्यासाठी दुसरा पेनड्राइव्ह किंवा बाहेरील हार्डडिस्क. पहिल्याचा उपयोग ह्या कामी करू नये.

३. चालू स्थितीतील एक संगणक व इंटरनेट जोडणी. ही शाळेत नसल्यास केंद्रशाळेत काम उरकावे.

४. एखादी लाइव्ह प्रणाली. लिनक्स मिंट ही नवख्यास सोपी जाते, कारण तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे. ती विनामूल्य असून तिच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. सुमारे ३ गिगाबाइटची ही एकच फाइल असते व तिच्या नावाच्या शेवटी "आयएसओ" ही अक्षरे असतात. संगणकात किमान २ आणि शक्यतो ४ गिगाबाइट रॅम असावी.

५. ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवण्याची आज्ञावली. विंडोजवर रूफस ही विनामूल्य आज्ञावली त्यासाठी पुष्कळ वापरली जाते.

येथे पुष्कळांची एक चूक होते. आयएसओ फाइल नेहमीप्रमाणे पेनड्राइव्हवर नकलून ठेवली की काम झाले असे त्यांस वाटते. वर सांगितलेली पहिल्या तुकड्यातील खूण ही फाइल नव्हे. ती नक्कल करून तेथे जात नाही. आयएसओ ही बांधलेल्या गाठोड्यासारखी आहे. ती सोडून आतील वस्तू योग्य जागी मांडण्याचे काम रूफस करते. रूफसमध्ये पेनड्राइव्हचे नाव व आयएसओ फाइल निवडावी, बाकीच्या गोष्टी ती सुचवील तशाच ठेवाव्यात, आणि आरंभ करावा. मात्र आरंभाची कळ दाबण्यापूर्वी निवडलेले नाव व क्षमता आपल्याच पेनड्राइव्हची आहे ह्याची दोनदा खात्री करून घ्यावी.

प्रत्यक्ष कृती

प्रथम सर्वांत साधी गोष्ट पाहावी. संगणकास लावलेले सर्व पेनड्राइव्ह, सीडी व कार्डे काढून टाकावीत आणि बटण पुन्हा दाबावे. क्रमवारीत बाहेरील साधन वरच्या स्थानी असेल आणि मुलांची चित्रे ठेवलेला साधा पेनड्राइव्ह चुकून तसाच राहिला असेल, तर चिपमधील आज्ञावली तेथेच अडून बसू शकते. काही "नादुरुस्त" संगणक एवढ्यानेच उठतात.

तसे न झाल्यास संगणक पूर्ण बंद करावा. तयार केलेला पेनड्राइव्ह थेट संगणकाच्या खाचेत लावावा. टेबलावरील मोठा संगणक असल्यास मागील बाजूची खाच घ्यावी. नंतर बटण दाबून लगेच, कारखान्याचे चिन्ह उमटण्यापूर्वीच, बूट-यादी दाखवणारी कळ पुनःपुन्हा दाबत राहावे. ही कळ निर्मात्याप्रमाणे वेगळी असते. डेल, लेनोव्हो व एसर ह्यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ १२ असते. एचपीत एफ ९, किंवा आधी एस्केप व मग एफ ९. असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. जोडणी करून घेतलेल्या मोठ्या संगणकांत गिगाबाइटच्या पाटीस एफ १२, एमएसआयच्या पाटीस एफ ११ व असूसच्या पाटीस एफ ८ चालते. काही एसर यंत्रांत ही सोय आधी आतील मांडणीत जाऊन खुली करावी लागते. मांडणीत जाण्याची कळ तेथे एफ २ किंवा डिलीट असते.

यादी उघडली की तीत आतील डिस्क व पेनड्राइव्ह ह्यांची नावे दिसतात. पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसल्यास, ज्याच्या आरंभी यूईएफआय ही अक्षरे आहेत ते प्रथम निवडावे. न चालल्यास दुसरे. ह्या यादीतील निवड त्या एका वेळेपुरतीच असते. कायमचा बूट-क्रम बदलत नाही. म्हणून नवख्याने मांडणीत शिरून क्रम बदलण्यापेक्षा हीच वाट धरावी.

थोड्या वेळात पेनड्राइव्हवरील यादी दिसते. तीतील पहिली ओळ निवडली की दोनचार मिनिटांत पडद्यावर नवी मांडणी उमटते. संगणक आता चालू झाला आहे. पण तो रॅममध्ये व पेनड्राइव्हच्या आधारे चालत आहे, आणि आतील डिस्कला त्याने अद्याप हात लावलेला नाही. बदलीवर आलेल्या गुरुजींनी एक दिवस शाळा चालवावी, मुख्याध्यापकांचे कपाट उघडू नये, आणि सायंकाळी फळा पुसून निघून जावे, तसे हे आहे.

येथे एक सूचना ठळकपणे देणे भाग आहे. पडद्यावर "इन्स्टॉल" ह्या शब्दाने आरंभ होणारे एक चिन्ह दिसेल. त्यास स्पर्श करू नये. ते नवी प्रणाली आतील डिस्कवर कायमची बसवण्याचे दार आहे, आणि त्या वाटेने जाता जाता आतील सर्व सामग्री पुसली जाऊ शकते. आपले काम आत काही घालण्याचे नसून आतील ठेव बाहेर काढण्याचे आहे.

त्यानंतर फाइलींचे कपाट उघडावे. डाव्या बाजूस आतील डिस्क तिच्या क्षमतेसह दिसेल. तीत "यूझर्स" ह्या खणात आपल्या नावाचा खण, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स हे खण असतात. बरीचशी सामग्री येथे सापडते. डी वगैरे नावांचे इतर विभाग असल्यास तेही पाहावेत. दुसरा पेनड्राइव्ह लावून त्यावर सर्व उतरवून घ्यावे. उतरवणे संपल्यावर दोनचार फाइली उघडून पाहाव्यात. केवळ नावे दिसली म्हणून समाधान मानू नये. मग साधन रीतसर विलग करावे, प्रणाली बंद करावी, आणि सूचना येताच पहिला पेनड्राइव्ह काढावा.

ह्यावरून निदान कसे करावे?

सामग्री हाती लागणे हा मोठा लाभ झाला. परंतु ह्या कृतीतून दोष कोठे आहे हेही कळते. विज्ञानाच्या तासाला आपण एकच घटक बदलून परिणाम पाहावयास मुलांस शिकवतो. येथे आपण तेच केले आहे : यंत्र तेच ठेवले, कार्यप्रणाली तेवढी बदलली.

संगणक पेनड्राइव्हवरून नीट चालला आणि आतील डिस्कही उघडली, तर मुख्य पाटी, स्मृती, पडदा व कळफलक ठीक असून बहुधा कार्यप्रणालीच बिघडली आहे. ती पुन्हा घालणे हे अल्प खर्चाचे काम आहे. संगणक चालला पण आतील डिस्क दिसलीच नाही, तर डिस्क अथवा तिची जोडणी सदोष आहे. डिस्क बदलली असता यंत्र पुन्हा वापरात येईल. बूट-यादीही उघडली नाही, पडदा कोराच राहिला, तर दोष वीजपुरवठा, रॅम वा मुख्य पाटी ह्यांपैकी कशात तरी आहे व तेथे तंत्रज्ञाचीच गरज आहे. तिन्ही प्रसंगी दुरुस्तीच्या दुकानात आपण अंधपणे जात नाही. काय करावयाचे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय पुसावयाचे नाही, हे आपण लेखी सांगू शकतो.

नेहमी येणाऱ्या अडचणी

घड्याळ मागे पडणे. संगणक सुरू होताना कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसत असेल, तर मुख्य पाटीवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला असे समजावे. सीआर २०३२ ह्या क्रमांकाचा हा ३ व्होल्टचा सेल घड्याळ चालू ठेवतो, आणि जुन्या यंत्रांत बूट-क्रमासह सर्व मांडणीही त्याच्याच आधारे टिकते. तो संपला की यंत्र क्रम विसरते व आतील चांगली डिस्कही त्यास सापडेनाशी होते. नवा सेल घालून क्रम पूर्ववत् लावावा.

आतील डिस्क उघडण्यास नकार. विंडोज ८ पासून पुढील प्रणालींत "बंद करा" म्हटले तरी यंत्र पुष्कळदा अर्धवट निद्रेत जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावे. अशा स्थितीतील डिस्क लाइव्ह प्रणालीत केवळ वाचनापुरती उघडते, किंवा कधी उघडतच नाही. वाचनापुरती उघडली तरी आपले काम होते, कारण आपणांस प्रतच घ्यावयाची आहे. विंडोज अद्याप थोडेफार चालत असेल, तर "रीस्टार्ट" करून त्याच वेळी बूट-यादीची कळ दाबावी. त्या वाटेने यंत्र अर्धनिद्रेत जात नाही.

सुरक्षित आरंभाची आडकाठी. २०१२ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत सिक्युअर बूट नावाची व्यवस्था असते. मान्य स्वाक्षरी असलेल्या आज्ञावलीसच ती उठू देते. मिंट, उबुंटू ह्यांसारख्या प्रसिद्ध प्रणालींस अशी स्वाक्षरी असते. तरीही अडचण आल्यास मांडणीत जाऊन ही व्यवस्था तात्पुरती बंद करता येते, व काम झाल्यावर ती पुन्हा चालू करावी.

कुलूपबंद डिस्क. काही नव्या लॅपटॉपमध्ये आतील सामग्री बिटलॉकर नावाच्या व्यवस्थेने सांकेतिक रूपात ठेवलेली असते. तिची ४८ अंकी किल्ली नसेल तर पेनड्राइव्हवरूनही ती वाचता येत नाही. सिक्युअर बूटमध्ये फेरफार केल्यास खुद्द विंडोजही ही किल्ली मागू शकते. म्हणून यंत्र चालू असतानाच ही किल्ली आहे किंवा कसे हे पाहून ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

डिस्कमधून टकटक आवाज येणे. हे डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याचे लक्षण होय. तिला वारंवार चालू-बंद करू नये. एकाच खेपेत सर्वांत मोलाचे आधी काढून घ्यावे. चित्रपट, गाणी ह्यांच्या मागे लागू नये.

दक्षता

ह्या रीतीने विंडोजचा परवलीचा शब्द न देताही आतील कागदपत्रे दिसतात, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. जे आपणांस शक्य आहे ते दुसऱ्यासही शक्य आहे. मुलांची व पालकांची खासगी माहिती ज्या संगणकात असते, तो अनोळखी माणसाच्या हाती एकटा सोडू नये. आणि दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या संमतीवाचून अशा वाटेने शिरू नये.

त्याचप्रमाणे कोठूनतरी आलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक उठवू नये. १९८६ साली लाहोर येथे तयार झालेला ब्रेन नावाचा विषाणू फ्लॉपीच्या त्या पहिल्याच तुकड्यात लपून जगभर पसरला होता. विसरून राहिलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू झाला की तो यंत्राच्या स्मृतीत शिरे. ज्याच्या हाती कारभार प्रथम जातो, तो सर्व काही करू शकतो. सबब पेनड्राइव्ह स्वतः तयार केलेला असावा, त्यावर चिठ्ठी लावलेली असावी, व तो अन्य कामास वापरू नये.

जुन्या यंत्रांचा विचार

विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि शाळांतील पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे चांगल्या यंत्रांच्याही निर्लेखनाचे प्रस्ताव येऊ लागतील. तसा प्रस्ताव करण्यापूर्वी ते यंत्र एकदा लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. पडदा, आवाज, इंटरनेट व मराठी अक्षरे नीट चालतात की नाही हे आत काहीही न बदलता कळते. चालत असल्यास, आणि आतील सामग्रीची प्रत घेतल्यावर, तेथे लिनक्स कायमचे बसवण्याचा विचार वरिष्ठांच्या संमतीने करता येईल. केरळ राज्यातील शाळांतून संगणकाचे शिक्षण कित्येक वर्षे लिनक्सवरच दिले जात आहे. तेव्हा हा मार्ग अनोळखी नाही.

समारोप

ही कृती वाचून येत नाही, करून येते. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अर्धा तास काढून चालू स्थितीतील संगणकावर तिचा सराव करावा. सरावात यंत्र बिघडत नाही, कारण आतील डिस्कला आपण हात लावत नाही. प्रत्येक केंद्रशाळेत असा एक पेनड्राइव्ह तयार ठेवावा, आणि आपल्या यंत्राची बूट-यादीची कळ कोणती ते संगणकावरच चिठ्ठी चिकटवून लिहावे. शिवाय मोलाच्या सामग्रीची दुसरी प्रत नेहमी अन्यत्र असावी. ती असेल तर ह्या लेखातील निम्मी चिंता उरणार नाही.

त्या ओव्या परत मिळाल्या नाहीत. बाईंनी मुलांना घेऊन पुन्हा घरोघर जाण्यास आरंभ केला आहे. ज्या हयात आहेत त्यांच्याकडून मिळतील तेवढ्या मिळतील. ह्या खेपेस प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत केंद्रशाळेत जाते. शेरेबुकातील माझा शेराही आता बदलला आहे. बंद संगणक दिसला की मी असे लिहितो : "संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहावा. आतील सामग्रीची प्रत घ्यावी. त्यानंतरच दुरुस्तीस पाठवावा." ह्या तीन वाक्यांचा क्रम कोणीही बदलू नये, एवढीच विनंती आहे.